फासळ्यांतली हवा

बुलढाण्याच्या आमच्या भाड्याच्या घरात पाच लोखंडी फासळ्या होत्या आणि थंडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा त्यांच्यातली हवा काढावी लागे. हे काम माझी बायको करायची. मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचो. तापलं की पाणी वर चढतं, पाणी आपली पातळी शोधतं, हे सगळं फळ्यावर काढून दाखवायचो आणि घरी येऊन तापलेल्या फासळीला पाठ टेकून चहा प्यायचो. तिच्यातली हवा कशी काढतात, याची मी कधी साधी चौकशीही केली नाही.

फासळ्या हे नाव आसपासच्या लोकांनी पाडलेलं. भिंतीला लागून उभ्या केलेल्या लोखंडी नळ्या, शेजारी शेजारी आठ-दहा, खालून वरून जोडलेल्या. हाडकुळ्या बैलाच्या बरगड्या दिसाव्यात तशा दिसायच्या. हे घर बांधणारा रस्त्यांच्या कामावरचा एक गोरा इंजिनियर होता. त्याच्या मडमेला संधिवात होता आणि बुलढाण्याची थंडी तिला सोसेना, म्हणून त्याने खामगावच्या कुठल्याशा कापसाच्या जिनातून मोडीत निघालेल्या नळ्या आणल्या आणि स्वतः उभं राहून हा कारखाना करून घेतला. मागच्या बाजूला दोन पायऱ्या खाली एक भट्टी. भट्टीवर पाणी तापायचं, नळांतून पाचही खोल्यांतल्या फासळ्यांत फिरायचं, गार होऊन परत भट्टीकडे यायचं. माळ्यावर एक उघडी टाकी, तिच्यातून कमी पडलेलं पाणी खाली उतरायचं. साहेब विलायतेला गेला आणि घर आमच्या घरमालकांनी घेतलं. ते रंगाचे आणि सुताचे व्यापारी, मुसलमान, वयस्क. त्यांना मी चाचा म्हणायचो. ते स्वतः अंगणापलीकडच्या जुन्या घरात राहत. लोखंड भरलेल्या घरात राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. नागपूरहून माझी बदली आली आणि मी तयार झालो.

फासळ्यांचं सगळं तंत्र चाचींना ठाऊक होतं. साहेबाच्या वेळी मडमेकडे त्यांचं जाणं-येणं असे, तेव्हा त्या शिकल्या. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी ते माझ्या बायकोला शिकवलं. अर्थात मी शाळेत गेल्यावर, कारण चाची माझ्यासमोर येत नसत. प्रत्येक फासळीच्या वरच्या टोकाला एक बारीक पेच होता. चौकोनी तोंडाच्या किल्लीने तो अर्धा फेरा सैल केला की सूंऽ करून हवा निघायची, आणि मग थुंकल्यासारखं काळं पाणी. पाणी आलं की पेच आवळायचा. हवा अडकली की फासळीचा वरचा भाग गारच राहतो, खाली कितीही भट्टी पेटवा. माझी बायको या कामाला "ढेकर काढणं" म्हणायची. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात वाटी, आणि हवा निघाली की फासळीला म्हणायची, "झालं का समाधान?" लोखंडाशी बोलणारी बाई म्हणून मी तिची थट्टा करायचो. ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा लवकर उत्तर देते ती."

पौषात माझी बायको गेली. सातव्या महिन्यातच बाळंत झाली, मुलगी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दवाखान्यातले डॉक्टर आले होते. त्यांनी तिच्यावर चादर ओढली, मग मुलीकडे वळले, तिला तळहातावर घेऊन पाहिलं आणि मला म्हणाले, खोली दिवसरात्र गरम ठेवा. कोळशाची शेगडी मात्र आत आणू नका, एवढ्याशा छातीला तो धूर सोसणार नाही. ऊब मिळाली तर जगेल. मी हो म्हणालो.

मला रडू आलं नाही. शाळेतले मास्तर आले, कचेरीतले लोक आले, त्यांनी माझा खांदा दाबला. मास्तर मोठे खंबीर आहेत, असं बाहेर पडताना एकजण म्हणाला. खंबीर कसला. पायावर बराच वेळ बसून उठलं की पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटतो. तसा मी सगळाच झालो होतो. लोक बोलत ते ऐकू यायचं. जेवायला बसवलं की जेवायचो. मुलगी ज्या खोलीत होती, त्या टोकाच्या खोलीत मी जात नव्हतो. मुद्दाम टाळत होतो असंही नाही, नुसता जात नव्हतो.

मुलीला सांभाळलं ते आत्याने. माझ्या वडिलांची थोरली बहीण, साखरखेर्ड्याची, विधवा. निरोप मिळाल्यावर अर्धी वाट बैलगाडीने आणि अर्धी मोटारीने येऊन पोचली. आल्या आल्या तिने पिंजलेला कापूस मागवला, मुलीला त्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं आणि फासळीशेजारी पाटीत ठेवलं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजू लागली. भट्टीत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि लाकडं घालायचं कामही तिनेच उचललं. फासळ्या तिने जन्मात पाहिल्या नव्हत्या, पण ऊब कुठून येते हे तिला सांगावं लागलं नाही. कडक बाई. विटाळ-चांडाळ, सोयर-सुतक तिच्याइतकं कुणी पाळत नसे, आणि आमचं शेतकऱ्याचं घर असून ती ब्राह्मणांच्याही चुका काढायची.

आठव्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबू, ह्या फासळीचं डोस्कं गार लागून राह्यलं. खालून गरम हाय अन् वरून गार. असं काऊन?"

हवा अडकली असेल, मी म्हणालो. काढायची कशी, तिने विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. ते खरंच होतं. तिने भट्टीत आणखी लाकडं घातली.

दहाव्या दिवशी सकाळी मी डोकं भादरून, क्रियाकर्म उरकून ओढ्यावरून परत आलो तेव्हा आत्या घर शुद्ध करत होती. आमच्यात दहाव्याला घरातलं सगळं पाणी फेकतात. मृत्यू झाला तेव्हा जे पाणी घरात होतं, किंवा सुतकात जे भरलं, ते थेंबभरही ठेवायचं नाही. मातीचे माठ अंगणात फुटलेले पडले होते. रांजण उपडा केला होता, हंडे-घागरी उपड्या, देवाजवळचा तांब्यादेखील. आत्याने नहाणी पाहिली, गोठ्यातलं टिपाड पाहिलं, दौतीतली शाई पाण्यात कालवलेली असते म्हणून ती दौतही मोरीत रिकामी केली. मग कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "अजून कुठं पाणी ऱ्हायलं का रे?"

मी म्हणालो, "फासळ्यांत आहे."

हे मी का सांगितलं, याचं उत्तर मी पुढे कितीतरी वर्षं शोधलं. तिला ते सुचलं नसतं. मी गप्प बसलो असतो तर काहीही बिघडलं नसतं. मुलीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. बरं व्हावं असंही नव्हतं, हे आज सरळ लिहून टाकतो. मनात काहीच नव्हतं. विचारलं, त्याचं उत्तर दिलं. वर्गात विचारल्यावर द्यावं तसं.

आत्या घुटमळली. "लेकराले थंडी वाजन का?"

"तासाभरात पुन्हा भरू," मी म्हणालो. शिकल्यासवरल्या भाच्याचा शब्द. तिने मान डोलावली. मी भट्टीतला विस्तव ओढून बाहेर काढला, भट्टीच्या तळाची तोटी सोडली आणि आधी वाफाळतं, मग कोमट, मग काळं गार पाणी अंगणात वाहू लागलं. पेरूच्या झाडापर्यंत गेलं. बराच वेळ लागला एवढं आठवतं. साहेबाच्या काळापासूनचं पाणी असावं, त्याला लोखंडाचा आणि शेवाळाचा वास होता.

नंतर विहिरीचं नवं पाणी आणलं. आत्याने पहिल्या घागरीत गंगेचे दोन थेंब टाकले. मी शिडीवरून माळ्यावर चढलो आणि टाकीत ओतू लागलो. आठ-नऊ घागरी गेल्या आणि टाकी काठोकाठ भरून वाहू लागली. झालं, मी म्हणालो. जेवढं पाणी वाहून गेलं होतं त्याच्या निम्मंही आत गेलं नव्हतं. वर्गात एखाद्या मुलाने हे असं गणित केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

भट्टी पेटवली. थोड्या वेळाने नळ आतून ठोके देऊ लागले, टाकीवरच्या उघड्या नळीतून वाफ फुसफुसू लागली, आणि फासळ्या होत्या तशाच गार. पाचही. दुपार झाली, बाहेर बोचरं वारं सुटलं. टोकाच्या खोलीची भिंत उत्तरेची, ती झपाट्याने गार पडली. आत्याने पाटी उचलून सैपाकघरात आणली, पण चुलीच्या धुराने मुलगी ठसकली तशी परत नेली. मग कापसासकट तिला छातीशी धरून, वर घोंगडी घेऊन बसली.

तिने मला हाक मारली. "बाबू, पोरगी दूध घेऊन नाई राह्यली. नखं निळी पडली तिची. माह्या हाडांत आता ऊब नाई रे, म्या कुठून देऊ तिले?"

मी दारात उभा राहिलो. घोंगडीतून एवढीशी मूठ बाहेर आली होती. डॉक्टरांचे शब्द मला आठवले आणि समजलं की आज संध्याकाळपर्यंत ही जाईल, आणि ते मी केलेलं असेल. हे समजलं ते हिशेबासारखं समजलं. पाय मात्र हलले. मी अंगण ओलांडून चाचांच्या घरी गेलो.

चाचा बाजारात दुकानावर होते. दाराला पडदा होता. मी बाहेर उभा राहून, जमिनीकडे पाहत, झालं ते सगळं सांगितलं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

पडद्यामागून चाचींनी विचारलं, "मास्तर, पानी निंगालं किती अन् गेलं किती?"

"निम्मं गेलं."

"मंग बाकीच्या जागी काय हाय? हवाच हाय ना. पह्यले भट्टी इझवा. तिले गार होऊ द्या, गरम भट्टीत थंडं पानी उतरलं तं तडकन ती. मंग भट्टीजवळच्या फासळीपासून सुरू करा. एकेकीची हवा काढा, अन् वरतून टाकी भरत राहा. लेकराच्या खोलीतली आखरीले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमी पह्यले तिथंच जासान. जाऊ नका. मधात हवा ऱ्हायली तं तिथवर ऊब पोचणार नाई."

पडद्याखालून एक हात आला आणि उंबऱ्यावर किल्ली ठेवली. चौकोनी तोंडाची, त्यांच्याजवळची दुसरी.

"अन् लेकराले इकडं पाठवा. माह्यी सून बाळंतीण हाय. तिच्या पोटाशी ठेवते दोन्ही लेकरं."

मला वाटलं होतं आत्या नाही म्हणेल. तिने नुकतं डोक्यावरून नहाणं केलं होतं, नवं लुगडं नेसली होती, दहा दिवसांचं सुतक फेडून मोकळी झाली होती. मुसलमानाच्या घरात पाऊल ठेवलं की ते सगळं पहिल्यापासून. मी निरोप सांगितला. तिने घोंगडी घट्ट केली आणि पायात काही न घालता तरातरा अंगण ओलांडून पडद्याआड गेली. घटकाभराने एकटी परत आली. "दूध घेतलं पोरीनं," म्हणाली, आणि विहिरीवर जाऊन त्या वाऱ्यात थंड पाण्याने पुन्हा नहाली. तिचे दात वाजत होते. त्या गोष्टीवर ती नंतर कधीही बोलली नाही.

आता फासळ्या. भट्टी निवेपर्यंत मी पायरीवर बसून राहिलो. मग पहिल्या फासळीचा पेच सैल केला. हवा निघू लागली ती निघतच राहिली. माझ्या बायकोच्या हातून क्षणभर सूं व्हायचं आणि संपायचं. इथे अख्खी फासळी हवेने भरलेली. मी ऐकत उभा होतो. मग आवाज बारीक झाला, थांबला, आणि पाणी आलं नाही. टाकी रिकामी झाली होती. पेच आवळला, आत्याने विहिरीवरून आणलेल्या घागरी घेऊन माळ्यावर चढलो, ओतल्या, उतरलो, पुन्हा पेच सैल केला. या वेळी पाणी आलं, मनगटावर उडालं. आवळला. दुसरी. पुन्हा शिडी. आत्या साठी उलटलेली, ओल्या केसांनी घागर भरून आणायची आणि शिडीच्या तळाशी ठेवायची.

तिसऱ्या फासळीपाशी मला जाणवलं की मी आवाज ओळखू लागलो आहे. पाणी वर येऊन पेचाजवळ पोचण्याआधी हवेचा सूर जरा बदलतो. इतकी वर्षं याच घरात, याच खोल्यांत ती हे करत होती आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो. मला तिचा राग आला, मला न शिकवता गेल्याचा. मग लक्षात आलं की तिने दोनदा तरी म्हटलं होतं, या, दाखवते तुम्हाला. दहा दिवसांत मला आलेली पहिली भावना हा राग, आणि तोही खोटा.

चौथीचा पेच घट्ट बसला होता, तेलाने आणि फडक्याने तो सुटला. टोकाच्या खोलीत मी शेवटी गेलो, चाचींनी सांगितलं होतं तसं. खोली गार होती. पाटी रिकामी, तिच्यात कापसाचा खळगा, एका हाताएवढा. मी त्या खळग्याकडे पाहिलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती केवढी आहे. दहा दिवस मी तिला पाहिलं नव्हतं. पेच सोडला, हवा निघून जाईपर्यंत त्या खळग्यावर हात ठेवून उभा राहिलो. पाणी आलं. आवळला.

भट्टी पेटवून पहिली फासळी तापायला वेळ लागला. मग एकामागून एक ऊब पुढे सरकत गेली. मी प्रत्येकीला वरच्या टोकाला हात लावून बघत होतो. दिवे लागायच्या सुमाराला टोकाच्या खोलीतली फासळी टोकापर्यंत तापली. आत्या म्हणाली, "जाय, घेऊन ये."

"तू जा ना," मी म्हणालो.

"म्या दोनदा नहाली आज," ती म्हणाली. "बाप तू हायेस."

मी पुन्हा पडद्यासमोर उभा राहिलो. आतून दोन लेकरांपैकी एक रडत होतं, दणकून रडत होतं, ते आमचं नव्हतं. चाची म्हणाल्या, तुमचं झोपलं आहे, चांगलं प्यायलं आहे, नखं गुलाबी झाली. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, नाव काय ठेवलं पोरीचं?"

बारसं झालं नव्हतं. सुतकात बारसं कसलं. आणि नाव ठेवावं लागेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती जाणार असंच मी धरून चाललो होतो, हे त्या प्रश्नासरशी माझं मला कळलं. पडद्यामागे त्या वाट पाहत होत्या.

मी माझ्या बायकोचं नाव सांगितलं.

त्या काळी नवरा बायकोचं नाव घेत नसे. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मी तिला "अगं", "ऐकलं का" याखेरीज हाक मारली नव्हती. ते नाव मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं, एका न पाहिलेल्या बाईच्या दारात, आणि ते मला नीट जमलंही नाही. चाची माझ्या बायकोला रोज त्याच नावाने हाक मारायच्या. मग त्या म्हणाल्या, "हाव. बरं हाय," आणि झोपलेल्या मुलीला ते नाव घेऊन म्हणाल्या की जा, बाप न्यायला आला.

पडदा हलला आणि मुलगी माझ्या हातात आली. वजन असं नव्हतंच. पण गरम होती. मी अंगणात मध्यावर थांबलो आणि मोठ्याने रडलो. आत्या दारात उभी राहून बघत होती, तिने मला थांबवलं नाही, लवकर ये असंही म्हणाली नाही.

ती जगली. ते घर आम्ही पुढे सोडलं, बदल्या होत गेल्या. आता ती दोन लेकरांची आई आहे आणि माझ्याकडे आली की घरभर फिरत असते. मी तिला नावाने हाक मारतो. ती येते, विचारते काय हवं आहे. काही नको असतं. मी पुन्हा हाक मारतो.